गव्यांचं पाणी

आमच्या घरात गव्याचं मटण कधी शिजलं नाही, आणि त्या साऱ्या टापूत सगळ्यांत जास्त गवे मात्र माझ्या बाबांनीच मारलेले होते. हे मी सांगते तेव्हा माझी नात तोंडाचा चंबू करते. तिला वाटतं, आजी एकतर फुशारकी मारते, नाहीतर लाजते. दोन्ही नाही गं बाई, जे होतं ते सांगते. शिकारीवर बंदी नव्हती त्या दिवसांत नागपूरकडचे, रायपूरकडचे हौशी लोक जीपमधून यायचे, चकचकीत बंदुका आणायचे, आणि गवा कुठं आहे हे दाखवायला त्यांना बाबा लागायचे. पाहुण्याची गोळी चुकली की जखमी जनावरामागं झुडपात शिरायचं काम बाबांचं. ते शिरायचे आणि काम संपवूनच बाहेर यायचे. पाहुणे शिंगं घेऊन जात, खाणारे मांस नेत. बाबा रिकाम्या हातानं घरी येत आणि आंगणातल्या विहिरीवर उभ्यानं अंघोळ करत, कारण त्याशिवाय माय त्यांना उंबरा ओलांडू देत नसे. "गवा म्हंजे गायच हाये," ती म्हणायची. "जंगलात राह्यते म्हणून काय झालं? कोणाची मामी जंगलात राह्यली तं ती मामी नसते का?" बाबा हसायचे, पण पाणी मात्र डोक्यावरून घ्यायचे.

गाव आमचं सानगडीच्या पलीकडं, भाताच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथलं. घर मातीचं, वर कवेलू, पुढं छपरी, मागं ढोरांचा कोठा. आंगणाच्या त्या बाजूला मोठेबाबांचं घर, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं. चुली वेगळ्या आणि विहीर एक. पहाटे जाग यायची ती मायच्या जात्यानं. मग कोठ्यातल्या बैलांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा, मग मोठेबाबांचं खाकरणं, आणि त्यानंतर ढोरं गावाबाहेर आखरावर नेणाऱ्या ढोरक्याची आरोळी. उन्हाळ्यात सकाळी पेज आणि वाळल्या झिंग्यांची चटणी, दुपारी भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. मोहफुलं वेचून आणली की माय ती भाजून तिळाबरोबर कुटायची आणि लाडू वळायची. तो वास अजून नाकात आहे. इथं भंडाऱ्यात लेकीकडं तिसऱ्या माळ्यावर मी एकदा ते लाडू करून पाहिले, तर शेजारची बाई विचारायला आली, काकू, काही जळून राहिलं का? जळून राहिलं म्हणे! मी दार लावून घेतलं आणि एकटीनंच लाडू खाल्ले.

शिकारीच्या दिवसांत हाका निघायचा. गावातले पुरुष जंगलाच्या एका बाजूनं ओळ धरून उभे राहत, हातात डफ, टिनाचे डबे, काठ्या. ओळीचा म्होरक्या मोठेबाबा. त्यांचा डफ वाजला की सगळी ओळ आरडाओरडा करत पुढं सरके आणि जनावर दुसऱ्या टोकाला पळे. त्या टोकाला एक वाट मुद्दाम मोकळी ठेवलेली असे आणि त्या वाटेवर पाहुणा बंदूक घेऊन बसलेला. सारी खुबी होती ती मोकळी वाट ठेवण्यात. ती कुठं ठेवायची हे बाबा ठरवत आणि जनावर तिकडंच वळवायचं हे मोठेबाबा जमवत. दोघा भावांचं त्या कामात एवढं जमायचं की एकमेकांना हाक मारायचीही गरज पडत नसे. बायांनी हाक्यात यायचं नसे. आम्ही पोट्ट्या तळ्याच्या पाळीवर बसून फक्त ऐकायचो.

मग बंदी आली. जीपा यायच्या थांबल्या. बाबांची भरमार बंदूक ठाण्यात जमा झाली आणि जंगलखात्यानं त्यांनाच पहारेकरी म्हणून ठेवून घेतलं. माझे बाबा त्या दिवसापासून साधुसंत झाले असं मी लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. "नोकरी हाये," ते म्हणायचे. "आंदी मारायचे पैसे भेटत, आता राखायचे भेटतेत." एवढंच. पण रोज त्याच जनावरांमागं फिरायचं आणि मारायचं मात्र नाही, असं झाल्यावर माणूस करणार काय? पाहत बसणार. बाबा पाहत बसले, आणि पाहता पाहता त्यांचं मन तिथं कधी गुंतलं हे त्यांनाही कळलं नसावं. ते घरी येऊन गव्यांच्या गोष्टी अशा सांगू लागले जशा दुसऱ्यांचे बाप शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगतात.

त्यांची भाकर घेऊन जायचं काम माझं होतं. मी तेव्हा परकर-पोलक्यातून साडीत जायच्या वयाची. नाला ओलांडला की शीव संपायची आणि थोडं चढून गेलं की जंगलाच्या कुशीत एक जुनी बोडी लागायची. बोडी म्हणजे लहान तळं, कोण्या काळी कोणी तरी भातासाठी बांधलेलं. खालच्या बांध्या पडीक झाल्या होत्या, पण बोडी राहिली होती. चैत्र-वैशाखात आसपासचे सगळे नाले आटत आणि गव्यांना तेवढंच पाणी उरे. पाळीवरच्या जांभळाखाली बाबांच्या शेजारी बसून मी गवे पाणी प्यायला येताना कितीदा पाहिले. आधी वास येतो, तेलकट, गोडसर. मग एक मादी झाडीतून पुढं होते आणि उभी राहते. बाबा तिला मालकीण म्हणत. ती उभी आहे तोवर कळपातलं कोणी पाऊल टाकत नाही. तिनं मान खाली घातली की बाकीचे येतात, गुडघ्यापासून खाली पांढरे पाय, जणू चुन्यात उभे राहून आले आहेत. वासरं मात्र सोनेरी, आपल्या गाईच्या वासरांसारखी. काही खटकलं तर मालकीण नाकातून शिट्टी घालते, एवढ्या मोठ्या देहातून एवढा बारीक आवाज, आणि क्षणात सगळे गायब. कळपाशी संबंध न ठेवणारा एक म्हातारा बैलही यायचा, काळाकुट्ट, एक शिंग टोकाला तुटलेलं. तो यायचा उलट्या बाजूनं, पाळीवरून, आपल्या मर्जीनं. "बुढा कोणाचं आयकत नाई," बाबा म्हणायचे. "तुया मोठ्या बाबासारखा."

त्या उन्हाळ्यात आमची कपिली आजारी पडली. कपिली आमची दुधाची गाय, तिच्या दुधावर मी मोठी झालेली. आधी तिनं चारा सोडला, मग डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, आणि नंतर कोठ्यात तो वास. बाबा एक नजर टाकून बाहेर आले आणि छपरीत मटकन बसले. बुळकांडी. ढोरांच्या या साथीचं नाव गावात कोणी तोंडानं घेत नसे. देवीचा कोप समजून "माय आली" एवढंच म्हणत, आणि तेही हळू. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ती एकदा येऊन गेली होती आणि त्या साली अर्ध्या गावानं नांगराला स्वतः खांदा दिला होता. मोठेबाबांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या बापाचा सारा कोठा रिकामा झाला होता. ते भितात कशाला, असं मी त्यांच्याविषयी कधी म्हणू शकले नाही.

या मायला गावाबाहेर काढायची आमच्याकडं एक रीत होती. ज्या घरी ती पहिल्यांदा उतरली त्या घरचं आजारी जनावर घ्यायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, शिंगांत हिरव्या बांगड्या घालायच्या, खणाचा तुकडा पाठीवर टाकायचा. दिवस बुडताना गावातल्या पुरुषांनी मुक्यानं त्याला शिवेपार न्यायचं, सोबत फुटकं सूप आणि जुनी केरसुणी. तिथं सोडायचं आणि मागं वळून न पाहता यायचं. याला माय पोचवून देणं म्हणत. आणि त्यात एक नेम असा होता की सोडायचं ते पाण्याकाठीच. माय तहानलेली गेली तर रागानं परत फिरते. लेकीला सासरी पोचवताना कोणी उन्हात उभी करून येतं का? पाण्याजवळ, सावलीत, पुढ्यात हिरव्या चाऱ्याची पेंढी टाकून यायचं. आमचे लोक काही दुष्ट नव्हते. रोगालाही पाणी पाजून वाटेला लावणारे लोक होते. आणि त्या दिवसांत शिवेपार जवळपास पाणी होतं फक्त त्या बोडीत.

हे पोचवायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्या घराकडं, म्हणजे थोरला म्हणून मोठेबाबांकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंगण ओलांडून आले आणि छपरीच्या खांबाला टेकून उभे राहिले.

"शामा, सांजच्याले कपिलीले नेतो," ते म्हणाले.

"नाई," बाबा म्हणाले.

"नाई म्हंजे?"

"दादा, त्या बोडीवर गवे येतेत. ही तिथं पाण्यात लाळ टाकन, घाण करन, आन् तेच पाणी रातच्याले सारा कळप पेईन. एकबी वाचत नाई मंग. मी साकोलीले जाऊन ढोरायच्या डाक्टरले घेऊन येतो. सुई टोचली का बाकीचे ढोरं वाचतेत. कपिली गेली तं कोठ्यातच जाईन, मी खोल पुरीन तिले."

"आन् तंवर गावची ढोरं?" मोठेबाबांचा आवाज चढला नाही, खाली गेला. "गव्यायपायी गाव मारतं का तू? काल परवा तं तूच गोळ्या घालत होता त्यायले. आज मोठा पुळका आला!"

बाबांचं तोंड लाल झालं. "हो, घालत होतो," ते म्हणाले. "म्हणून का आता इख पाजू?"

मोठेबाबांनी माझ्याकडं पाहिलं, मायकडं पाहिलं, आणि ते आंगण ओलांडून आपल्या घरात गेले. बाबांनी सायकल काढली. जाताना मायला एवढंच म्हणाले, "कोणीबी आलं तं दावं सोडू नोको. मी दिवस बुडायच्या आंदी येतो." मायनं मान हलवली. ती मान हलवणं हो होतं की नाही, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

दुपार उलटली तशा बाया येऊ लागल्या. कोणी भांडायला आलं नव्हतं. एक म्हणाली, "माझ्या बैलानं सकाळपासून तोंड लावलं नाई वो वहिनी." दुसरी नुसतीच पदराला डोळे पुसत बसली. आमच्या कोठ्यातही दोन बैल होते, त्या बैलांवर आमचं भाताचं साल होतं. माय पुन्हा पुन्हा उठून त्यांच्या नाकाला हात लावून यायची. सावल्या लांब झाल्या, बाबा आले नाहीत. मोठेबाबा सूप आणि केरसुणी घेऊन आंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले. मागं पुरुष. ते कोठ्यात शिरले नाहीत. जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं, असं माय पुढं मला म्हणाली. ते फक्त म्हणाले, "सून हायेस या घरची. सांग, मी वापस जाऊ का?"

माय कोठ्यात गेली. कपिलीच्या कपाळाला हळदकुंकू लावताना कुंकू सगळं नाकावर पडलं. तिनं आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवून शिंगांत घातल्या आणि दावं सोडलं. गाय तिचा हात चाटायला लागली. "जाय माय," ती म्हणाली, "जाय वो माय." आणि तोंड फिरवून भिंतीकडं उभी राहिली. मोठेबाबांनी वाकून गाईच्या खुरांना हात लावला, तो हात डोळ्यांना लावला, आणि ती मंडळी निघाली. मी तिथंच होते. मला माय चुकली असं तेव्हा वाटलं नाही, आणि बाबा चुकले असंही वाटलं नाही. नुसती भीती वाटत होती.

पुरुष शिवेवरून परत येत होते तेव्हाच बाबांची सायकल आंगणात शिरली. डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेला, तो सकाळी येणार होता, त्याची वाट पाहण्यातच उशीर झाला होता. बाबांनी कोठ्याकडं पाहिलं. सैल पडलेलं दावं पाहिलं. मायकडं पाहिलंच नाही. घरात शिरून त्यांनी टिनाचा रिकामा डबा उचलला, चुलीतलं जळतं लाकूड घेतलं आणि पळत सुटले.

मला वाटलं माय आता रडेल. तिनं मांडणीवरची पितळी परात खाली ओढली, लाटणं घेतलं, पदर खोचला. "चाल," मला म्हणाली. मी म्हटलं, माय, हाक्यात बाया जात नाहीत. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसरं लाकूड घेऊन तिच्या मागं धावले.

बोडीवर अजून उजेड होता, पाणी तांबूस झालं होतं. कपिली काठाशी बसली होती, अर्धी पाण्यात, बांगड्या शिंगांत तशाच. तिला ओढून दूर न्यायला वेळ नव्हता आणि बळही नव्हतं. बाबा पाण्याच्या आणि झाडीच्या मध्ये उभे राहून डबा बडवत होते. एक माणूस आणि समोर एवढं रान. माय त्यांच्यापासून थोड्या अंतरावर गेली आणि परात वाजवू लागली. बाबांनी वळून पाहिलं आणि पुन्हा डबा बडवू लागले. ओळ दोन माणसांची झाली, माझ्यासकट तिघांची. मधल्या फटीतून एक काय, सारा कळप गेला असता.

आणि वास आला. तेलकट, गोडसर. मालकीण झाडीतून पुढं झाली. बाबा दिवसभर पाळीवर बसत तेव्हा ती त्यांच्याकडं बघून न बघितल्यासारखं करायची, इतकी सवय झाली होती. आज तिच्यासमोर तोच माणूस डबा बडवत होता. तिनं शिट्टी घातली, पुढचा पाय आपटला, पण हलली नाही. तहान होती ना! तिच्यामागं वासरं पाण्याच्या वासानं पुढं घुसायला बघत होती आणि आया त्यांना अडवत होत्या. माय रडत रडत परात वाजवत होती आणि ओरडत होती, "नोको येऊ वो, माया बाया, नोको येऊ, लेकरं घेऊन जा!"

तेवढ्यात आमच्या पाठीमागून डफ वाजला. तो डफ मी हजारात ओळखला असता. मोठेबाबा पाळीवरून येत होते, मागं गावातले दहाबारा जण, कोणी डबे, कोणी थाळ्या घेतलेल्या. मागं वळून न पाहायची रीत मोडून ते आले होते. बाबांच्या शेजारी येऊन ते म्हणाले, "गवे जगो का मरो, मले मालूम नाई. पण तू एकटा उभा हायेस हे मले पाह्यवत नाई. वाट कुठं ठेवतं?"

बाबांनी हात वर करून डोंगराकडं दाखवलं. तिकडं लांब, वरच्या आटलेल्या नाल्यात वाळूतून पाझरणारा एक झिरा होता, बारीकसा, पण जिवंत. ओळ पसरली. सगळ्या हाक्यांत वाट बंदुकीकडं सोडायचे, या हाक्यात पाण्याकडं सोडली. डफ, डबे, थाळ्या, माणसांचे गळे, सगळं एकदम उठलं. मालकिणीनं एकदा आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली, वळली, आणि कळप तिच्यामागं डोंगराच्या वाटेला लागला. वासरांची सोनेरी पाठ शेवटी झाडीत गेली तेव्हा बाबांनी डबा खाली टाकला.

आणि आम्ही मागं वळून पाहिलं तर बुढा पाण्यात उभा होता. त्याला कोण अडवणार? तो नेहमीप्रमाणं उलट्या बाजूनं, पाळीवरून आला होता. एवढा गोंधळ चालला असताना शांतपणे कपिलीच्या पलीकडं उभा राहून पीत होता. पोटभर प्याला. मग कपिलीजवळ गेला, तिच्या तोंडाला नाक लावून हुंगलं, ती जिवंत होती अजून, तिनंही मान उचलली. मग तो आमच्या ओळीतूनच निघून गेला. मायच्या एवढ्या जवळून गेला की तिचा पदर हलला. कोणी हाकही मारली नाही. बाबा म्हणाले, "गेला हा."

सकाळी डॉक्टर आला. कपिली पहाटेच गेली होती. तिला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं, बोडीला काट्यांचं कुंपण घातलं, आणि वरचा झिरा उपसून मोठा करायला गावातले लोक गेले, त्यात मोठेबाबाही होते. गावच्या ढोरांना सुया टोचल्या. काही मेली, बरीच वाचली. आमचे बैल वाचले. सुईनं वाचली असं बाबा म्हणत, माय पोचवून दिली म्हणून वाचली असं मोठेबाबा म्हणत, आणि दोघंही मरेपर्यंत तसंच म्हणत राहिले. मी पुढं शाळेत मास्तरीण झाले, पोरांना रोगजंतू शिकवले, म्हणून कोणी मला विचारलं तर मी सुईचंच नाव घेते. पण मोठेबाबांना कधी वेडं म्हटलं नाही. ज्यानं आपली रीत आपल्या पायानं तुडवून भावासाठी डफ वाजवला, त्याला मी काय म्हणू?

घरात मात्र बाबा मायशी बोलेनात. रागावले असते, एखादं भांडं फेकलं असतं, तर तिला झेपलं असतं. ते तिच्या हातचं जेवत होते, ती वाढे ते खात होते, नोकरीवर जात होते, आणि तिच्याशी बोलायचं ते माझ्यामार्फत. "सगू, मायले सांग, मीठ जास्त हाये." माय पलीकडंच बसलेली असे. ती बिचारी मीठ कमी करी, आणि मग "सगू, मायले सांग, आता बराबर हाये." मला तर वाटायचं दोघांनाही कोठ्यात कोंडून ठेवावं. रात्री माय माझ्या अंगावर हात टाकून पडायची आणि हळूच विचारायची, "तुया बापाले काई बोललं का वो कोणी? कळपाचं काई आयकू आलं का?" कळप झिऱ्यावर येत होता, बाबा रोज पाहून येत होते. ते मला सांगत, मी तिला सांगे. बुढ्याचं मात्र कोणीच काही सांगत नव्हतं.

एके दुपारी बाबा वेळेआधीच घरी आले. त्यांनी कोपऱ्यातली कुदळ आणि फावडं घेतलं आणि निघाले. माय चुलीपुढं होती. तिनं तवा उतरवला, लाकडं मागं ओढली आणि त्यांच्या मागं चालू लागली. मी तिच्या मागं. बाबांनी तिला ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

बुढा नाल्याच्या काठावर पडला होता. मेला नव्हता. तो एवढा मोठा देह, आणि मान उचलायचं बळ नाही. डोळ्यांतून पाणी गळून तोंडावर रेघा पडल्या होत्या, माशा बसत होत्या आणि तो कान हलवत नव्हता. मी पहिल्यांदा त्याच्या इतक्या जवळ गेले होते. बाबा त्याच्यापासून थोड्या अंतरावर उकिडवे बसले. "आज बंदूक असती," ते म्हणाले, कोणाला म्हणाले माहीत नाही, "तं एका गोळीत सोडवला असता तुले." आयुष्यभर ज्या हातांनी गवे पाडले ते हात त्यांनी गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते. बाबांना रडताना मी पाहिलं ते त्या दिवशी. आवाज नाही, फक्त खांदे हलत होते. माय माझ्याजवळ उभी होती, तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की खूण राहिली. ऊन उतरायला लागलं तेव्हा बुढ्यानं एक लांब श्वास सोडला आणि पुन्हा घेतला नाही.

बाबा उठले. काठाच्या वर, पुराचं पाणी पोचणार नाही अशी जागा त्यांनी पाहिली आणि कुदळ मारायला सुरुवात केली. ती जमीन उन्हाळ्यातली, दगडासारखी. एवढ्या मोठ्या जनावराचा खड्डा एकट्या माणसाला कसा व्हायचा? मला त्यांनी गावात मोठेबाबांना बोलवायला पाठवलं. मी निघाले, पण थोडी वर जाऊन थांबले. माय त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली होती.

"अजी," ती म्हणाली, "दोन बैलं होते आपल्या कोठ्यात. पोरगी होती. सारं गाव आंगणात उभं होतं. मले भेव वाटलं. मारा मले, पण बोला तं. असे नोका राहू."

बाबांची कुदळ थांबली. ते तिच्याकडं पाहत राहिले, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा. मग त्या मेलेल्या जनावराकडं पाहिलं, मग अर्धवट खणलेल्या खड्ड्याकडं.

"मलेबी भेव वाटलं होतं," ते म्हणाले. "दादा म्हणे तसंच करावं, असं सायकलवर माह्याबी मनात आलं होतं. म्हणूनच बोलवत नव्हतं तुयासंगं."

बाबांनी कपाळाचा घाम पुसला आणि बाजूला पडलेलं फावडं पायानं तिच्याकडं सरकवलं.

"माती मागं वढ," ते म्हणाले. "अजून लय खोल लागते."